'गरम इस्त्री'ची पहिली बाजू

ऑफिसात त्याला सगळे खरखर म्हणत. जुन्या रेकॉर्डींवरची खरखर काढायची आणि गाणी सीडीसाठी स्वच्छ करायची, हे त्याचं काम. म्हणून हे नाव. डास मारणाऱ्याला डास म्हणावं तसला प्रकार. पण त्याने कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची तर तोंड उघडावं लागतं, आणि आपण तोंड उघडलं की समोरचाही उघडतो, याची त्याला भीती वाटे. फोन वाजला की भीती वाटे. बराच वेळ वाजला नाही, की जास्त वाटे.

त्या वर्षी जुन्या रेकॉर्डींच्या सीड्या काढायची टूम निघाली होती. खरखरच्या मालकांनी अशा बऱ्याच सीड्या काढल्या आणि काही खपल्यासुद्धा. मग त्यांना 'गरम इस्त्री' सापडली.

'गरम इस्त्री' ही एका रॉक गिटारवाल्याची पहिली एकट्याची रेकॉर्ड. चांगल्या चाललेल्या बँडमधून हा बाबा उठला, घरी आला, आणि गिटार रोग्यासारखी टेबलावर आडवी झोपवून वाजवायला लागला. तारांच्या खाली चमचे खुपसले, केसांच्या पिना लावल्या, सायकलच्या चाकाचा स्पोक घासला, आणि शेवटी कपड्यांची इस्त्री तापवून तारांवरून फिरवली. तार तापली की सैल पडते आणि सूर खाली घसरतो. त्या घसरण्याचं त्याने गाणं केलं. ज्यांनी रेकॉर्ड विकत घेतली त्यांतल्या निम्म्यांनी ती परत केली; उरलेल्यांनी आपापल्या गिटारी विकून टाकल्या. आता पुन्हा तिचं नाव व्हायला लागलं होतं.

पहिल्या बाजूच्या शेवटी त्याने एक खोडी करून ठेवली होती. रेकॉर्डवरची रेघ गोल गोल फिरत आत जाते आणि संपते. त्याने शेवटचा वेढा स्वतःलाच जोडून बंद करून घेतला. सुई तिथे पोचली की तिथेच फिरत राहणार. सगळ्यात जाड तारेवर गरम इस्त्री ठेवल्याचा तो सूर, ऊंऽऽऽ, फ्रिज आणि विचारात पडलेला बैल यांच्या मधला, चालूच राहणार. कोणी उठून सुई उचलेपर्यंत.

"मूळ टेपवर हा भाग नाही," मालक म्हणाले. "तो रेकॉर्ड कापतानाच केलेला. आपल्याकडच्या रेकॉर्डला नेमका तिथेच चरा गेलाय. त्या गिटारवाल्याच्या घरी चांगली आहे म्हणतात. जा आणि घेऊन ये आवाज."

"मी?" खरखर म्हणाला.

"नाही, बैल," मालक म्हणाले.

दार गिटारवाल्याच्या बायकोने, काकूंनी, उघडलं. बारीक, ताठ बाई. डोळ्यांखाली रात्रपाळीच्या माणसासारखी काळी वर्तुळं. "या. चपला काढा. पाय आपटू नका, सुई उडते."

आतून ऊंऽऽऽ येत होतं.

"आधीच लावून ठेवलंत? बरं झालं," खरखर म्हणाला.

"ठेवलं नाही. आहे."

"केव्हापासून?"

काकूंनी वर बघितलं. "तेव्हा तो पंखा नवा होता."

पंख्याच्या पात्यांवर लोकर म्हणता येईल इतकी धूळ होती.

खिडकीशी खुर्चीत काका बसले होते. रेकॉर्डवरच्या फोटोतला केसांचा जंगली माणूस वाळून, पांढरा होऊन, न येणाऱ्या बसची वाट बघत बसावा तसे. फक्त बोटं तीच होती, लांब आणि कामसू. मागच्या भिंतीला रेकॉर्ड प्लेअर, त्याच्या बाजूला झाकून ठेवलेला दुसरा, खाली बॅटरी, वीज गेली तर.

काकूंनी सगळं उभ्याउभ्याच सांगितलं, पाण्याचा नळ कधी येतो ते सांगावं तसं. "हे जेवत होते. रेकॉर्ड संपून हे ऊंऽऽ लागलेलं. मी म्हटलं, काय ती कटकट, आणि उचलली सुई. वळून बघते तर हे ताटात."

"ताटात?"

"तोंड ताटात. नाडी नाही, श्वास नाही. माझ्या हातातलं बळच गेलं. सुई सुटली ती परत रेघेवर पडली. ऊंऽऽ झालं, आणि यांनी मान वर करून मीठ मागितलं."

खरखरने काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली, मिठापुरती.

"डॉक्टर आले. म्हणाले, काकू, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, दुसरं काही नाही. मी म्हटलं, तुमचा एवढा विश्वास आहे ना, मग उचला सुई. त्यांनी हात पुढे नेला. बराच वेळ तिथेच धरला. मग म्हणाले, राहू दे हो. आवाज तसा वाईट नाही."

"मग?"

"मग काय. दर महिन्याला येतात. गोळ्या लिहून देतात आणि खाली लिहितात, रेकॉर्ड चालू ठेवावी."

सुई झिजली की बदलायला लागते, म्हणून दोन प्लेअर आणि दोन रेकॉर्डी. एक लावल्याशिवाय दुसरी उचलायची नाही. पण यंदाच्या थंडीत दुसऱ्या प्लेअरने मान टाकली, आणि तसला प्लेअर आता बाजारात मिळेना. चालू होता त्याचा रबरी पट्टा इतका कुजला होता, की दुरुस्तीवाल्याने त्याला हातही लावला नाही. चालतोय तोवर चालतोय, म्हणाला. थांबला तर तुकडे गोळा करायचे. दुष्काळात तेरावा महिना. म्हणून तर काकूंनी मालकांच्या पत्राला होकार दिला होता. सीडी झिजत नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"काका," खरखरने दबक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? खरंच असं काही...?"

"मला काय विचारतोस?" काका म्हणाले. "मी तेव्हा ताटात होतो."

"बोलू नका जास्त," काकू म्हणाल्या.

"पट्टा ढिला पडलाय," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सूर पाव पट्टीने उतरलाय. तीन पावसाळे झाले सांगतोय."

खरखरने आपलं यंत्र जोडलं; झोपलेल्या वाघाच्या शेपटीला रिबीन बांधताना माणूस जितका श्वास घेईल तितकाच घेत. सुईवर धुळीचा एक पुंजका बसला होता. एरवी असा पुंजका दिसला, की त्याचा हात आपोआप जाऊन सुई उचलायचा आणि तो फुंकर मारायचा, धंद्याची सवय. हात आत्ताही निघाला. त्याने तो दुसऱ्या हाताने धरला आणि काम होईपर्यंत सोडला नाही. एका हाताने बटणं दाबायला त्रास झाला, पण भागलं.

निघताना काकूंनी त्याला दारात अडवलं. "दुकानात काय विकायचं ते विका. पण घरासाठी अशी सीडी द्या, की हा आवाज थांबणार नाही. क्षणभरसुद्धा नाही."

"थांबणार नाही, काकू," खरखर म्हणाला, आणि पहिल्या पायरीवरच त्याला कळलं, की आपण भलतंच कबूल केलं.

कारण सीडी थांबते. रेकॉर्डला बंद वेढा असतो, सीडीला नसतो. तिला शेवट असतोच. पुन्हा-पुन्हा वाजवायचं बटण दाबलं तर ती शेवटावरून सुरुवातीला जाते, आणि जाताना मध्ये शिंकेआधी माणूस थांबतो तेवढी शांतता पडते. खरखरने ती शांतता स्टुडिओत बसून पुन्हा पुन्हा ऐकली. दर वेळी त्याला ताटात तोंड पडल्याचा आवाज यायचा.

शेवटी त्याने काकूंचाच मार्ग धरला. घरासाठी वेगळ्या दोन सीड्या बनवल्या. काठोकाठ फक्त ऊंऽऽऽ, दुसरं काही नाही. दोन प्लेअर. एक सीडी संपत आली की दुसरी लावायची, मग पहिली सोडायची. त्या सीड्यांवरची खरखरसुद्धा त्याने काढली नाही. त्यातला नेमका कुठला कण काकांना धरून आहे, कोण सांगणार? विषाची परीक्षा कोणी घ्यावी?

दुकानातल्या सीडीचं काम मात्र त्याने मन लावून केलं. त्यावर ऊंऽऽऽ धुऊन लख्ख केलं, ढिल्या पट्ट्याने उतरलेला सूर जागेवर चढवला, आणि कुठेतरी संपवणं भागच होतं म्हणून आवाज हळूहळू उतरवत नेला. इतका हळू, की उतरतोय हे कोणाच्या लक्षातही येऊ नये. आयुष्यात त्याला अभिमान वाटावा अशा ज्या थोड्या गोष्टी होत्या, त्यांत ही एक. मालकांनी त्या सुराला स्वतंत्र गाणं म्हणून सातवा नंबर दिला. पाकिटावर गाणी जास्त दिसतात म्हणून. त्याच्या मागोमाग आठ नंबरला दुसरी बाजू सुरू. "गिऱ्हाइकाला उठून बाजू पालटायला नको," मालक म्हणाले. "हीच सीडीची थोरवी."

ठरल्या दिवशी दुपारी सगळे काकूंच्या घरी जमले. मालक नवा कोट घालून आले होते. डॉक्टर रक्तदाबाचं यंत्र घेऊन आले होते; गोल, घामट, चांगला माणूस. काकूंनी काकांना नवा सदरा घातला होता. हे खरखरला आवडलं नाही. नवा सदरा माणसाला दोन प्रकारच्या प्रसंगी घालतात, आणि हा वाढदिवस नव्हता.

खरखरने दोन्ही सीडी प्लेअर आणि नवा, दांडगा अँप्लिफायर जोडला. "सीड्या?" त्याने हात पुढे केला.

"थांब, मी लावतो," मालक म्हणाले. "एवढा मान मला दे." पाठ करून त्यांनी स्वतःच्या हाताने सीडी आत सरकवली, बटणं दाबली, आणि स्पीकरमधून ऊंऽऽऽ आलं. रेकॉर्डचं ऊंऽऽऽ खालच्या अंगाला, सीडीचं वरच्या. दोन्ही एकमेकांवर आपटून खोलीभर वांव-वांव-वांव सुरू झालं. कपाटातल्या बश्या दाढ हलावी तशा हलायला लागल्या.

"आता सुई उचला," डॉक्टर म्हणाले.

कोणी हललं नाही.

"तुम्ही उचला ना," काकू म्हणाल्या.

"मी नाडी धरलीये," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ती लगबगीने धरली.

"मालक?"

"छे, घरच्या माणसाचा मान तो."

"मी एकदा उचललेली," काकू म्हणाल्या. "परत नाही."

मग सगळ्यांनी खरखरकडे बघितलं. खरखरने मागे बघितलं. मागे भिंत होती.

त्याने सुईखाली बोट घातलं. उचलली.

आतून टप्प असा आवाज आला आणि चकती लटपटत थांबली. पट्टा तुटला होता. दुरुस्तीवाल्याचा शब्द खरा झाला. वांव-वांव गेलं आणि एकटं ऊंऽऽऽ उरलं, सरळ आणि स्थिर.

"आहे," डॉक्टर नाडीकडे बघत म्हणाले. "आहे, आहे."

"चढला," काका म्हणाले. "जागेवर आला सूर."

काकू हळूच स्टुलावर बसल्या. मालकांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "किती स्वच्छ वाजतंय बघा! काचेसारखं."

खरखरही हसणारच होता. त्याचं तोंड हसण्याच्या आकारात येऊन तसंच राहिलं. स्वच्छ? घरच्या सीडीवर तर त्याने खरखर ठेवली होती.

तो मालकांच्या कानाशी गेला. "कुठली सीडी लावलीत?"

"आपलीच."

"पांढरी? साधी? ज्याच्यावर काही छापलेलं नाही ती?"

"हट्! घरच्या माणसांना नागडी सीडी द्यायची?" मालक कुजबुजले. "छापलेली आणली, पाकिटासकट. पहिली प्रत. तोच सूर आहे की सात नंबरला."

"आणि दुसरी?"

"एका घरात दोन कशाला?"

"पांढऱ्या कुठेत?"

"ऑफिसात. तुझ्या चहाच्या कपाखाली एक आहे बहुतेक."

ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला. रेकॉर्डचा पट्टा तुटलेला. आणि स्पीकरमधला आवाज, त्याला आता पक्कं कळलं, उतरायला लागला होता. ही त्याचीच करामत होती. जगात हे ओळखू येणारा कान एकच होता आणि तो त्याच्याच डोक्याला लावलेला होता.

"मालक, हा संपणार," तो म्हणाला.

"कोण?"

"सूर! तो मी उतरवत नेलाय. मग काकासुद्धा..."

मालकांनी ऐकलं, पांढरे पडले, आणि एका अनुभवी माणसाला शोभेल असा निर्णय घेतला. "कोणाला सांगू नकोस," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेरची इमारत बघायला लागले.

मागे नेण्याचं बटण दाबावं, तर तेवढ्यापुरता आवाज तुटणार. तुटला की माणूस ताटात, हे ठाऊक होतं. उतरला तर काय होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कदाचित काकाही तसेच उतरत जातील, कोणाच्या लक्षात न येता. खरखरने त्यांच्याकडे बघितलं. ओठ फिके वाटले. पण ते आधीपासून फिके होते की आत्ताच झाले? पापण्या जड वाटल्या. दुपारची वेळ होती, त्याच्या स्वतःच्याही जड असायच्या.

तेवढ्यात त्याला सुचलं. आवाज सीडीवर उतरतोय, तर इथे चढवायचा! तो सरकत सरकत अँप्लिफायरपाशी गेला, पाठ टेकून उभा राहिला, आणि हात मागे नेऊन बटण फिरवायला लागला. नखाएवढं. मग अजून नखाएवढं. जितकं तिकडे जाई तितकं तो इकडे देई. स्वतःच बांधलेल्या उताराला त्याच्याच हाताने चढ लावायचा. एक केस जास्त फिरवलं तर काकूंना कळणार. कमी फिरवलं तर काकांना.

"तुम्ही बसा ना," काकू म्हणाल्या.

"नको. मला उभंच बरं वाटतं."

"घाम किती आलाय यांना," डॉक्टर म्हणाले. "यांचीही नाडी बघू का?"

"नको! काकांची सोडू नका!"

डॉक्टर दचकले आणि त्यांनी काकांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

सूर जिथल्या तिथे होता. काकू मालकांना विचारत होत्या, सीडीला ऊन लागलं तर चालतं का, मुंग्या लागतात का. मालक इमारतीकडे बघत 'नाही लागत, नाही लागत' म्हणत होते. खरखरच्या मागे बटण फिरत होतं. फिरत होतं. आणि मग फिरेना. बटणालाही शेवट होता, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढचा उतार कोणीच अडवू शकत नव्हतं. ऊंऽऽऽ बारीक झालं. दूरच्या गल्लीतलं झालं. मग मुंगीएवढं, मग मुंगीच्या आठवणीएवढं. खरखरने डोळे मिटून घेतले आणि ताटाच्या आवाजाची वाट बघितली. ताट नव्हतंच समोर, पण भीतीला सामान लागत नाही.

सूर संपला.

खोलीत काहीही वाजत नव्हतं. खालून कोणाचीतरी सायकल गेली, ती ऐकू आली. आणि काकू बोलतच होत्या, "...म्हटलं, पुसायला ओलं फडकं चालतं की कोरडंच?"

खरखरने एक डोळा उघडला. कोणालाच कळलं नव्हतं. इतकी वर्षं तो सूर त्या घराच्या भिंतीत, भांड्यांत आणि काकूंच्या कानात इतका मुरला होता, की तो थांबला तरी त्यांच्यापुरता चालूच होता. डॉक्टर नाडी मोजत ओठ हलवत होते. फक्त काकांनी मान वळवली होती. ते स्पीकरकडे बघत होते, मग खरखरकडे. श्वास चालू होता. छातीवरचा नवा सदरा वर-खाली होत होता, शांतपणे, कोणाच्याही मदतीशिवाय.

खरखरला रडू फुटणार इतक्यात त्याला आठवलं, की सातनंतर आठ नंबर येतो.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, गिटारवर अख्खा चमच्यांचा डबा उपडा करण्यापासून सुरू होणारं. आणि त्याच्या पाठीमागे अँप्लिफायर, फिरवता येईल तेवढा फिरवलेला.

तो गर्रकन वळला. हात बटणापर्यंत पोचलासुद्धा.

चमचे पडले.

आवाज म्हणावं असं ते नव्हतंच. कपाटाचं दार उघडून बश्या बाहेर आल्या. पंख्यावरची लोकर एका तुकड्यात सुटून डॉक्टरांच्या डोक्यावर बसली. मालक खाली बसले. कोणी सांगितलं नव्हतं. काकूंनी किंचाळून काकांना मिठी मारली, आणि ती किंचाळी कोणालाही ऐकू गेली नाही. खरखरने बटणाऐवजी सरळ वायरच भिंतीतून ओढून काढली.

मग खरोखरची शांतता पडली. आता ती काकूंनाही ऐकू आली.

त्यांनी काकांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. डॉक्टरांच्या हातातलं मनगट मघाशीच सुटलं होतं; ते खुर्चीखाली शोधत होते. काकांचे डोळे मिटलेले होते. खरखरला आपल्या दातांचा आवाज ऐकू येत होता.

"बंद का केलं?" काका डोळे न उघडता म्हणाले. "पुढचं लावा. विसरूनच गेलो होतो, काय केलं होतं मी पुढे."

दुसरी बाजू त्या घरात पंखा नवा असल्यापासून वाजलीच नव्हती.

काकूंनी हात काढून घेतले. स्पीकरकडे बघितलं, वायरकडे बघितलं, मग खरखरकडे. "हे चमचे पडायच्या आधी," त्या सावकाश म्हणाल्या, "बंद होतं?"

खरखर मालकांकडे बघायला लागला. मालक जमिनीवर बसून बशीचे तुकडे जुळवत होते.

"तुम्हाला विचारतेय."

"हो, काकू."

"म्हणजे मी फडक्याचं विचारत होते तेव्हा."

"हो."

"आणि हे बसलेले."

"हो."

काकू काकांकडे वळल्या. चेहऱ्यावर आनंद आहे की संताप, खरखरला कळेना, म्हणून तो दोन्हींना घाबरला. "माझ्या बहिणीची दोन मुलं लग्न होऊन आपापल्या घरी गेली," त्या म्हणाल्या. "मी एकाच्याही लग्नाला गेले नाही. हा जिना उतरले नाही मी. सुई बघत बसले. आणि हे बसलेत तसेच!"

"मरायला हवं होतं का मी?" काकांनी विचारलं.

"तसं कुठे म्हणतेय!" असं म्हणून त्या रडायला लागल्या.

डॉक्टर डोक्यावरची लोकर काढत म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. कावळा आणि फांदी."

"तुम्ही तर एक शब्द बोलू नका," काकू रडता रडता म्हणाल्या.

काका खुर्चीतून उठले. दोन्ही हातांवर भार देऊन, गुडघ्यांचा आवाज करत, पण उठले. "सलूनला जाऊन येतो," ते म्हणाले. "घरी येऊन कापतो तो भादरतो नुसता."

काकूंचं रडणं जागच्या जागी थांबलं. "आत्ता?"

"आता कशाला थांबायचं?"

आणि मग खरखरने ते त्यांच्या डोळ्यांत येताना पाहिलं. इतकी वर्षं काकांना मारू शकेल अशी जगात एकच गोष्ट होती, आणि ती त्यांच्या नजरेसमोर, हाताच्या अंतरावर फिरत होती. तिला तेल घालता येत होतं, तिची सुई बदलता येत होती. आता ती गेली. आता उरलेलं सगळं जग होतं. काकूंची नजर जिन्याकडे गेली. जिन्यावरून रस्त्याकडे, रस्त्यावरच्या गाड्यांकडे, सलूनमधल्या वस्तऱ्याकडे, फरशीवर सांडलेल्या साबणाच्या पाण्याकडे. बशीच्या एका तुकड्याकडे, काकांच्या अनवाणी पायापाशी.

"डॉक्टर, जाऊ दे का यांना?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी तोंड उघडलं. या खेपेला त्यांच्यापाशी कावळाही नव्हता आणि फांदीही. "तसं... कधीही, काहीही..." ते म्हणाले. "म्हणजे सगळ्यांनाच."

"तुम्ही जा यांच्याबरोबर," काकू खरखरला म्हणाल्या. "हात सोडू नका."

जिना अरुंद होता. काका एक हात कठड्यावर आणि एक खरखरच्या खांद्यावर ठेवून उतरत होते. खरखर एक पायरी पुढे, उलटा, त्यांच्या छातीकडे बघत. श्वास आत जाताना शीळ वाजत होती आणि बाहेर येताना नाही. हे बरोबर होतं की चूक? हे कोणी कमी-जास्त करू शकत नव्हतं. कुठेही बटण नव्हतं.

"आहात ना?" वरून दारातून काकूंनी हाक मारली.

"आहे!" काका म्हणाले.

दोन पायऱ्या.

"आहात ना?"

"आहे गं!"

वळणावर काका थांबले. त्यांनी कठडा घट्ट धरला आणि भिंतीला टेकले. डोळे मिटले. शीळ वाजेनाशी झाली, किंवा खरखरला ऐकू येईनाशी झाली.

"आहात ना?" काकूंनी विचारलं.

काकांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून. ते वरून दिसण्यासारखं नव्हतं. खरखरने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण काय म्हणायचं? 'आहेत' म्हणावं, आणि तो शब्द वर पोचेपर्यंत नसले तर?

"अहो?"

वर दार धाडकन भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. मग घाईघाईने पायात सरकवलेल्या चपलांचा. आधी उंबऱ्यापर्यंत, तिथे जरा घुटमळलेला, आणि मग पहिल्या पायरीवर.